पंखा नसलेल्या डब्यातली चिप

चिप म्हटले की आपल्याकडे आधी कोटींचा आकडा येतो. सप्टेंबर २०२४मध्ये पनवेलच्या चिप-प्रकल्पाला राज्याने मंजुरी दिली, तो आकडा होता ८३,९४७ कोटींचा. कर्जत-खालापूरच्या पोरांना मात्र एका पैशाचाही फॅब (चिपचा कारखाना) न बांधता चिपमध्ये हात घालता येईल, असे मला वाटते.

त्याची वाट म्हणजे ‘प्रोग्रामेबल लॉजिक’. खोपोलीच्या कारखान्यात हा शब्द उच्चारा, मेंटेनन्सवाला पीएलसीकडे, म्हणजे मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरकडे, बोट दाखवील. पीएलसी इनपुट बघते, हिशेब करते, आउटपुट देते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. कन्व्हेअरला तेवढे पुरते. पण वेगाने फिरणाऱ्या शाफ्टच्या एन्कोडरचे सेकंदाला लाखो पल्स मोजायचे, किंवा ड्राइव्हचा ट्रान्झिस्टर मायक्रोसेकंदांत बंद करायचा, तर एफपीजीए ही चिप हवी. तिच्यात हजारो छोटे लॉजिक-घटक आपण सांगू तसे जोडले जातात आणि सगळे एकाच वेळी काम करतात. जुन्या रिले पॅनेलचेच वायरिंग, पण लॅपटॉपवरून बदलता येणारे.

कमी विजेचे महत्त्व भट्टीशेजारी कळते. धूळ जाऊ नये म्हणून डबा बंद, आणि पंखा लावला तर तोच आधी बंद पडतो. म्हणून चिपच थंड हवी. लॅटिस कंपनीची आइस-४० अल्ट्राप्लस ही एफपीजीए विश्रांतीत शंभर मायक्रोअँपच्या आसपास घेते. डोंगरावरच्या टॉवरवर, पावसाळ्यात लाइट गेल्यावर, बॅटरीला हा फरक जाणवतो. शिवाय काही चिपांच्या पोटातच फ्लॅश मेमरी असते. वीज परतताच त्या काही मिलिसेकंदांत कामाला लागतात.

माझा खरा डोळा मात्र जुन्या मशिनवर आहे. मशिन पंचवीस वर्षे चालते, तिच्या कार्डावरची चिप त्याआधीच बाजारातून जाते. मग एका चिपेपायी अख्खे कंट्रोल बदलायचे! तेच लॉजिक एफपीजीएत उतरवले तर मशिन वाचते. आइस-४०साठी २०१५पासून ‘आइसस्टॉर्म’ ही फुकट, खुली साधने आहेत. बोर्ड काही हजारांत मिळतो. असे लॉजिक लिहिण्याची वेरिलॉग भाषा अभ्यासक्रमात असतेच, बहुतेकदा परीक्षेपुरते.

कर्जतला कोकण ज्ञानपीठचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खोपोलीला कारखाने आहेत, मध्ये लोकलची स्थानके मोजून चार. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला काळ्या रेघेवरून धावणारा तोच तो रोबो पुरे झाला. त्याऐवजी कारखान्यांनी पोरांना एखादे मेलेले कार्ड, त्याचे सर्किट आणि बंद मशिनवरचा एक रविवार द्यावा.