विश्लेषण : रानफुलांचे कंद घरी लावताय? आधी ते आले कुठून, हे विचारा

पावसाळा तोंडावर आला की समाजमाध्यमांवर आणि ऑनलाइन बाजारात कळलावीचे कंद, रानहळदीचे गड्डे, ‘देशी ऑर्किड’ असा माल दिसू लागतो. परदेशी शोभेच्या झाडांऐवजी इथली रानफुले लावावीत, ही हौस चांगलीच. अडचण एवढीच की कंद रोपवाटिकेत वाढला की एखाद्या सड्यावरून उकरून आणला, हे मोबाइलवरच्या फोटोतून कळत नाही.

कंद उपटल्याने एवढे काय बिघडते?

फूल तोडले तर त्या हंगामाचे बी जाते. कंद उपटला तर झाडच जाते. सह्याद्रीच्या सड्यांवर कातळावर मातीचा पातळ थर असतो. पावसाच्या तीन-चार महिन्यांत पाने वाढवायची, फुलायचे, बी धरायचे आणि उरलेले आठ महिने जमिनीखालच्या कंदाच्या शिदोरीवर काढायचे, असे या वनस्पतींचे आयुष्य. बियापासून फुलण्याजोगा कंद व्हायला काही वर्षे लागतात. उकरायला दोन मिनिटे पुरतात.

कंदीलपुष्पाच्या काही जाती तर मोजक्या डोंगरांवरच सापडतात. तिथून दहा-वीस कंद गेले तरी मोठा फरक पडतो. कळलावी तेवढी दुर्मीळ नाही, कोकणात कुंपणावरही चढलेली दिसते. मात्र तिच्यातील कोल्चिसिन या औषधी द्रव्यामुळे तमिळनाडूत तिची व्यापारी शेती होते आणि लागवडीचे कंद बराच काळ रानातूनच गोळा होत आले आहेत. शेतीने रानावरचा भार हलका होतो, हे गृहीतक इथे पुरते लागू पडत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वनोपजा’त लाकडाबरोबर जंगलातील गवत, वेली, लहान झाडे आणि त्यांचे भागही येतात. राखीव वनातून ते परवानगीशिवाय काढणे गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि त्याच्या ‘वन्यजीवा’च्या व्याख्येत वनस्पतीही आहेत. सर्व ऑर्किड, म्हणजे आमरी, ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावरून ‘एकच कंद’ पिशवीत टाकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. खासगी माळरानावर कायद्याचा हात सैल पडतो. तिथे खरेदीदाराने प्रश्न विचारणे हाच काय तो अडसर.

मग कंद मिळवायचा कुठून?

विक्रेत्याला विचारावे : कंद बियापासून वाढवला की जुना गड्डा फोडून? मातृवृक्षाचा, कुंडीतल्या रोपांचा फोटो आहे का? लहान-मोठे, खरवडलेले, जुनी मुळे लोंबणारे कंद ढिगाने आणि स्वस्तात मिळत असतील, तर संशयाला जागा आहे. कारण तीन-चार वर्षे सांभाळलेली वस्तू कोणी मातीमोल विकत नाही.

सुरुवात नागदवण्याने करावी. नर्सरीत तो क्रायनम नावाने सहज मिळतो, अनेक सोसायट्यांच्या आवारातही असतो. त्याचे मांसल बी मातीशिवायही कोंब धरते. मात्र वाळवून ठेवले तर मरते, म्हणून ताजेच लावावे. कळलावीच्या शेंगा तडकल्या की आत शेंदरी-लाल बिया दिसतात. ओळखीच्या बागेतून त्या मिळवाव्यात. त्या उशिरा, अनेकदा पुढच्या पावसातच रुजतात आणि फुलासाठी आणखी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. रानहळद ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडून गड्ड्याचा तुकडा मागून घेणे सोपे.

कंदीलपुष्प आणि जमिनीवर उगवणाऱ्या आमरींच्या वाटेला हौशी बागेने जाऊच नये. आमरीच्या बियांना रुजायला ठरावीक बुरशीची साथ लागते. रानातून उपटलेला कंद कुंडीत क्वचितच तग धरतो. कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पती उद्यानात झाले आहे, ते तज्ज्ञांकडेच राहू द्यावे.

जाता जाता : ‘देशी’ समजून घेतली जाणारी रेन लिली आणि स्पायडर लिली अमेरिका खंडातल्या. देवाच्या हारातला निशिगंधही मूळचा मेक्सिकोचा. लावायला हरकत नाही, पण ती रानफुले नव्हेत.

कुंडीत कंद का कुजतात?

बहुतेकदा मायेने. कळलावीचा कंद फुटव्याचे टोक न मोडता, आडवा, दोन-तीन इंच खोल लावावा. कुंडी किमान बारा इंच खोल आणि पाणी झटकन निचरणारी हवी. वेल पानांच्या टोकांनी पकडून चढते, म्हणून काडीचा किंवा जाळीचा आधार द्यावा. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडली की झाड मेले समजून पाणी वाढवले जाते आणि तिथेच घात होतो. तेव्हा पाणी थांबवून कुंडी पावसापासून दूर, सावलीत ठेवायची आणि मेअखेरीपर्यंत विसरायची. वर नावाची चिठ्ठी लावावी, नाहीतर ‘रिकामी’ म्हणून तिच्यात कोथिंबीर पेरली जाते.

कळलावीचे सर्व भाग विषारी आहेत आणि कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो. रानकांदाही विषारीच. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, काढलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत, लहान मुले किंवा पाळीव प्राणी घरात असतील तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर असावी. कोणी चुकून खाल्लेच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता, त्या झाडाचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.