शेजारशाळेचा उंबरठा

शिवाजीनगर म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर पुणे उभे राहते. परंतु बेंगळूरुमध्येही एक शिवाजीनगर आहे. जुन्या लष्करी छावणीचा हा भाग इंग्रजांच्या काळात ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जाई. रसेल मार्केटची ब्रिटिशकालीन इमारत, सेंट मेरी बॅसिलिका, मशिदी, मंदिरे आणि दिवसरात्र गजबजलेले बसस्थानक यांच्या सान्निध्यात येथील वस्ती वाढली. एका गल्लीत दख्खनी उर्दू कानावर पडते, पुढच्या गल्लीत तमिळ. सरकारी कामाची भाषा कन्नड आणि महत्त्वाकांक्षेची भाषा इंग्रजी. समावेशक शिक्षण ही कल्पना भारतात कुठे खरी ठरते आणि कुठे अडखळते, हे पाहण्यासाठी अशा वस्तीइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

या वस्तीत राहणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलीची कल्पना करू. मेंदूच्या पक्षाघातामुळे तिला आधाराशिवाय चालता येत नाही. तिचे बोलणे संथ व अस्पष्ट आहे, पण समज उत्तम आहे. वडील बाजारात हातगाडी लावतात, घरात दख्खनी बोलली जाते. या मुलीने कोणत्या शाळेत जावे? कायद्याचे उत्तर सरळ आहे : घराजवळच्या, म्हणजेच शेजारशाळेत. वस्तीचे उत्तर मात्र तितके सरळ नाही, आणि या दोन उत्तरांमधील अंतर हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

तत्त्व : जुळवून कोणी घ्यायचे?

भारताने हे तत्त्व काल-परवा स्वीकारलेले नाही. अपंग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळांतच शिक्षण मिळावे, ही भूमिका कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली होती. तिला अनुसरून १९७४ मध्ये केंद्राची एकात्मिक शिक्षण योजना आली. १९९४ च्या सलामांका जाहीरनाम्याने समावेशनाचा विचार जगभर नेला. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा, त्यातील २०१२ ची दुरुस्ती आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हे पुढचे टप्पे. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, तेव्हापासून हे केवळ देशांतर्गत धोरण राहिले नाही, तर आंतरराष्ट्रीय वचन झाले.

या कराराच्या अन्वयार्थात संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१६ मध्ये चार शब्दांतील फरक स्पष्ट केला. मुलाला शाळेचे दारच बंद असणे म्हणजे वगळणूक. त्याला वेगळ्या शाळेत ठेवणे म्हणजे विलगीकरण. त्याला सर्वसाधारण शाळेत बसवणे, पण शाळेने तसूभरही न बदलणे म्हणजे एकात्मीकरण. समावेशन या तिन्हींहून वेगळे आहे. त्यात बदलण्याची जबाबदारी मुलावर नसते, शाळेवर असते. २०१६ च्या भारतीय कायद्याची व्याख्याही याच अर्थाची आहे : दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतील आणि अध्यापनाची पद्धत निरनिराळ्या गरजांनुसार बदलली जाईल.

आपल्याकडे पहिला अर्धा भाग पाळून दुसरा सोडून देण्याची रीत पडली आहे. मुलीचे नाव पटावर येते, शेवटच्या बाकावर जागा मिळते, वर्षाअखेर ती पुढच्या वर्गात जाते. शाळेत प्रवेश मिळाला. शिक्षणात मिळाला नाही.

लाभ कोणाचा?

समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलांवर केलेली कृपा, आणि तिची किंमत बाकीचा वर्ग मोजतो, हा समज मध्यमवर्गात खोलवर रुजलेला आहे. उपलब्ध पुरावा याच्या उलट आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे थॉमस हेहिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २५ देशांतील २८० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. समावेशक वर्गातील दिव्यांग विद्यार्थ्यांचे वाचन व गणित अधिक चांगले असते आणि त्यांची उपस्थिती वाढते, असे त्यात आढळले. इतर विद्यार्थ्यांच्या प्रगतीला बाधा येत नाही. उलट भिन्नतेविषयीची भीती आणि पूर्वग्रह कमी होतात.

यामागचे कारण गूढ नाही. एकच धडा बोलून, दाखवून, हाताळायला देऊन आणि सोप्या वाक्यांत पुन्हा सांगून शिकवणारा शिक्षक केवळ दिव्यांग मुलीला शिकवत नसतो. ज्याच्या घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून निराळी आहे, अशा प्रत्येक मुलाला तो शिकवत असतो. शिवाजीनगरसारख्या वस्तीत अशी मुले अपवाद नव्हेत, तीच बहुसंख्य आहेत.

या कामाची परंपराही आपल्याकडे आहे. पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एन. एस. हेमा यांनी १९५९ मध्ये बेंगळूरुमध्ये ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ उभारली. शिवाजीनगरपासून फार दूर नसलेल्या लिंगराजपुरम येथे या संस्थेने दिव्यांग आणि इतर मुलांना एका शाळेत आणले. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. स्वतंत्र विशेष शाळेपासून सुरुवात करून ही संस्था पुढे समावेशक शिक्षणाची ठाम पुरस्कर्ती झाली. हे होऊ शकते काय, हा प्रश्न अशा संस्थांनी केव्हाच निकाली काढला आहे. सरकारी व्यवस्था हे सर्वत्र करील काय, एवढाच प्रश्न उरतो.

पटावर न दिसणारी मुले

पहिला अडसर मोजणीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १९ वर्षांपर्यंतची ७८ लाखांहून अधिक दिव्यांग मुले देशात होती. एकूण बालसंख्येच्या सुमारे १.७ टक्के. युनेस्कोच्या २०१९ च्या भारतविषयक अहवालाने याच आकड्यांच्या आधारे दाखवून दिले, की ५ ते १९ वयोगटातील २७ टक्के दिव्यांग मुले शाळेत कधीच गेलेली नव्हती. पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तर तीन-चतुर्थांश कोणत्याही शिक्षणसंस्थेत नव्हती. सरकारच्या ‘यूडायस प्लस’ माहितीनुसार २०२१-२२ मध्ये शाळांच्या पटावर विशेष गरजा असणारी २२.६७ लाख मुले होती. एकूण पटाशी तुलना केली तर हे प्रमाण एक टक्काही भरत नाही. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, हे ध्यानात घेता प्रमाण वाढायला हवे होते. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर मुले शाळेबाहेर आहेत, किंवा वर्गात असूनही शिक्षकाला दिसत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या वाट्याला ‘मठ्ठ’ हे विशेषण येते, प्रमाणपत्र येत नाही.

अशा मुलांचा शोध घेण्यासाठी शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला आणि पहिले सर्वेक्षण दोन वर्षांत होणे अपेक्षित होते. हे काम निष्ठेने झाले असते, तर पटावरचे प्रमाण असे राहिले नसते.

दुसरा अडसर शिक्षकांचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रजनीश कुमार पांडे’ खटल्यात सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्याचा आदेश दिला. त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. तरीही मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की पदे मंजूर करा, अधिसूचित करा आणि भरा. साडेतीन वर्षांत अनेक राज्यांनी पदांची संख्यादेखील ठरवली नव्हती. महाराष्ट्रात काय किंवा कर्नाटकात काय, कामाचा भार गटपातळीवरच्या फिरत्या विशेष शिक्षकांवर आहे. अनेक शाळा वाट्याला आलेला असा शिक्षक मुलाला नियमित शिकवू शकत नाही. तो भेट देतो आणि नोंद करतो.

तिसरा अडसर इमारतीचा आणि रस्त्याचा. २०२३-२४ मध्ये कठड्यासह उतार असलेल्या शाळांचे प्रमाण निम्म्याहून जेमतेम अधिक होते. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. शिवाय शाळेच्या दारातला उतार घरापासून शाळेपर्यंतच्या पदपथाला पर्याय ठरत नाही. फेरीवाले, उघडी गटारे आणि उभी वाहने यांतून आठ वर्षांच्या मुलीने आधाराच्या चौकटीसह वाट कशी काढायची? येथे शिक्षणखात्याचा प्रश्न महापालिकेचा होतो, आणि दोन खात्यांच्या मधली जागा कोणाचीच नसते.

खासगी शाळेचे दार

चौथ्या अडसराची चर्चा फारच कमी होते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश शिक्षणहक्क कायद्याच्या ‘वंचित गटा’त केला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर त्यांचाही हक्क निर्माण झाला. परंतु २०१८-१९ मध्ये कर्नाटकाने आपल्या नियमांत बदल केला. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर हे बंधन राहणार नाही, असे ठरले. मे २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. शिवाजीनगरसारख्या दाट वस्तीत सरकारी शाळा जवळ नाही असे क्वचितच घडते. परिणामी आपल्या कल्पनेतील मुलीसाठी ते दार जवळजवळ बंदच झाले.

महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेद्वारे हाच मार्ग धरला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट, असा तो नियम. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एकच केंद्रीय कायदा, एकसारखाच नियम, आणि दोन शेजारी राज्यांतील मुलांना दोन निराळे हक्क. सीमेच्या अलीकडे जी मुलगी वंचित गटातील म्हणून अर्ज करू शकते, तिला पलीकडे तो अर्जच उपलब्ध नाही.

कर्नाटकाचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. सरकारी तिजोरीतून खासगी शाळांना शुल्क द्यायचे आणि स्वतःच्या शाळा ओस पडू द्यायच्या, हा व्यवहार कोणत्याही सरकारला टोचेल. परंतु या युक्तिवादाची एक अट आहे. मुलाला सरकारी शाळेतच जावे लागेल असे म्हणणाऱ्या सरकारने त्या शाळेत विशेष शिक्षक, सुगम स्वच्छतागृह आणि मदतनीस दिला पाहिजे. अट न पाळता केवळ निष्कर्ष लागू केला, तर तो सरकारी शाळेचा पुरस्कार ठरत नाही. एकत्र शिकण्याचा भार फक्त गरिबांच्या शाळांवर टाकणे ठरते. ज्या वर्गात दिव्यांग मूल नाही, गरीब मूल नाही आणि वेगळी भाषा बोलणारे मूल नाही, त्या वर्गातील सुखवस्तू मुलांचेही नुकसान होते, हे आपण विसरतो.

विशेष शाळांचे काय?

एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. समावेशनाच्या नावाखाली विशेष शाळा बंद केल्या, तर अनेक मुले उघड्यावर पडतील. कर्णबधिर मुलाला भाषा हवी असते, आणि खुणांची भाषा न जाणणाऱ्या चाळीस मुलांच्या वर्गात त्याला एकांतवासच मिळतो. म्हणूनच कायद्याने शेजारशाळा किंवा विशेष शाळा यांतील निवडीचा अधिकार ठेवला आहे आणि तो टिकला पाहिजे. पण निवड तेव्हाच खरी असते, जेव्हा दोन्ही पर्याय प्रत्यक्षात उपलब्ध असतात. शेजारशाळा असमर्थ असल्याने पत्करलेली विशेष शाळा ही निवड नव्हे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी ठेवलेली गृहाधारित शिक्षणाची तरतूदही अशीच हळूच पळवाट बनते. मूल पटावर राहते आणि घरातच बसते. विशेष शाळांतील अनुभवी शिक्षकांना आसपासच्या शाळांचे मार्गदर्शक बनवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

करायचे काय?

राज्यांना नव्या धोरणाची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०१६ च्या कायद्यातील तरतुदींना आधीच मान्यता दिली आहे. गरज आहे ती चार कामांची. प्रत्येक प्रभागात घरोघर जाऊन मुलांची मोजणी करावी आणि प्रमाणपत्रासाठी कुटुंबांना रुग्णालयांचे हेलपाटे घालायला न लावता शिबिर शाळेत भरवावे. विशेष शिक्षकांची पदे कायमस्वरूपी भरावीत. समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, ती वास्तवाशी जुळवून घ्यावी; या रकमेत एका मदतनिसाचा महिनाभराचाही पगार निघत नाही. आणि २५ टक्के जागांचे दार दोन्ही राज्यांत सारखेच उघडे असावे.

पाचवे काम विनाखर्चाचे आहे. दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांची तरतूद २०१६ च्या कायद्यातच आहे. भाषांच्या अस्मितेवरून दोन्ही राज्यांत रणे माजतात. घरी दख्खनी, शाळेत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशा तिपेडी ओझ्याखाली दबलेल्या दिव्यांग मुलाला ही सूट आहे, हे मात्र पालकांना आणि अनेकदा मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते. ते शाळेच्या फलकावर लिहायला एक खडू पुरेसा आहे.

शिवाजीनगरच्या बाजारात नाना धर्मांची, भाषांची आणि ऐपतींची माणसे रोज एकमेकांना धक्के देत, वाट देत व्यवहार करतात. त्यांना एकत्र राहण्याचे धडे कोणी दिले नाहीत. एकत्र वावरण्यानेच ते शिकले. त्यांच्या मुलांना मात्र आपण सहाव्या वर्षीच निरनिराळ्या दारांतून आत पाठवतो आणि एखादीला दाराबाहेरच ठेवतो. ती आठ वर्षांची मुलगी कायद्याने दिलेल्या वचनाची पूर्तता मागते आहे. चौदाव्या वर्षी शिक्षणहक्क कायद्याची वयोमर्यादा संपेल, तेव्हाही आपण पदांची अधिसूचनाच काढत असलो, तर तिच्यापुरते ते वचन कायमचे मोडलेले असेल.