ऊसतोडीच्या हंगामात शाळा का सुटते? उत्तर तांड्यावरच्या दादा-ताईंकडे

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत घरांना कुलूप. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्याला सांभाळायला सातवी-आठवीतली मुलगीही सोबत जाते आणि तिची शाळा सुटते.

सोय नाही का? आहे. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखल्यासाठी तो अडवता येत नाही.

मग अडतं कुठे? 'शिकून काय होणार?' या प्रश्नावर. त्याचं उत्तर त्याच तांड्यावरून बारावी, आयटीआय, नर्सिंगपर्यंत पोहोचलेल्या दादा-ताईंनीच द्यावं. उचल म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही.

गाडी निघण्याआधी एका मुलीचं नाव वसतिगृहात लागलं का, ते बघा. तिच्या आई-वडिलांशी, आजीशी बोला. हंगामभर आठवड्याला एक फोन करा. यानं उचल फिटणार नाही. पण एक मुलगी वर्गात राहील. भाषण नको. "आज काय शिकवलं?" एवढं विचारा.