निरीक्षकाचे नवे नाव

२३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक जण प्राणास मुकले. त्याच वसाहतीत २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटाने बारा बळी घेतले होते. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, मंत्र्यांनी पाहणी केली, चौकशी जाहीर झाली. मधल्या आठ वर्षांत त्या वसाहतीत कोण, केव्हा, काय तपासून गेले, हे शेजारच्या रहिवाशाला कोणी सांगितले होते काय?

कारखाना निरीक्षक म्हटला की लघुउद्योजकाला प्रथम पाकीट आठवते. हा अनुभव खोटा नाही. नोंदवह्यांतील क्षुल्लक त्रुटी काढून प्रामाणिक माणसाला नाडायचे आणि गळक्या झडपेकडे डोळेझाक करायची, या वृत्तीनेच 'इन्स्पेक्टर राज' हा शब्द रूढ केला. परंतु चौकीदार लाचखाऊ निघाला म्हणून कोणी दाराची कडी काढून ठेवत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. आता निरीक्षक हा 'निरीक्षक तथा सुलभकर्ता' झाला. तपासणी संगणकीय पद्धतीने ठरावी, ही योजना स्वागतार्हच. तिने मर्जीचा खेळ कमी होईल. पण अन्य तरतुदी नीट वाचल्या पाहिजेत. विजेवर चालणारा उद्योग पूर्वी दहा कामगारांपासून कायद्यातील 'कारखाना' या व्याख्येत येई, आता वीसपासून येतो. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा हजारावरून पाचशेवर आली, ही प्रगती खरी. घातक प्रक्रियेसाठी ती अडीचशे आहे. मात्र डोंबिवली, तारापूर वा महाडच्या वसाहतींत अडीचशे कामगार असणारे रासायनिक कारखाने किती? स्फोटक द्रव्याला हजेरीपटाशी कर्तव्य नसते. या संहितेतील काही तरतुदींवर भारतीय मजदूर संघानेही आक्षेप नोंदविले होते, ते उगाच नव्हे.

मजदूर संघाची स्थापना १९५५ साली दत्तोपंत ठेंगडी यांनी ज्या भोपाळमध्ये केली, त्याच नगरीने १९८४ च्या डिसेंबरात दुर्लक्षाची किंमत मोजली. विषारी वायूच्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. यांतील एकही गोष्ट गुप्त नव्हती. जाऊन पाहणाऱ्याला ती दिसली असती. त्यानंतर १९८७ साली घातक प्रक्रियांवरील स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले आणि धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली, तीही मागितल्यावाचून नव्हे. खंडेनवमीला यंत्राला झेंडूचे तोरण बांधणारे मालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतले कितीजण त्याच यंत्राची सुरक्षा झडप वर्षातून एकदा उघडून पाहतात, हा प्रश्न त्यांच्या कुटुंबीयांनीच त्यांना विचारावा.

राज्य शासनाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातील रिक्त पदे भरावीत. घातक रसायने हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याची, कामगारसंख्या कितीही असो, ठरावीक मुदतीत तपासणी व्हावी. आणि तिचा अहवाल मराठीत, तारखेसह, कारखान्याच्या फाटकावर लावला जावा.