मालेगावने नाव कमावले, पण कागद केला नाही

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा या पानाचा विषय नव्हे. त्याबद्दल घराघरांत मतभेद आहेत. येथे केवळ धंद्याच्या नजरेने पाहावयाचे आहे, कारण आपल्याच एका यंत्रमागाच्या गावाने सिनेमाच्या बाजारात स्वतःचा माल आणला आणि त्याचा जमाखर्च फारसा कोणी मांडला नाही.

गाव मालेगाव. शुक्रवारी माग बंद, हातात मजुरी आणि गल्लीत व्हिडिओ पार्लर. अशाच एका पार्लरचे मालक नासिर शेख यांनी २००० सालच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. भांडवल सुमारे ५० हजार रुपये. दोन व्हीसीआर जोडून ते संकलन शिकले होते. नट गावातलेच. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकूंना सायकली दिल्या! क्रेनचे काम बैलगाडीकडून करून घेतले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. त्यात आकाशात उडणारा वीर होता शफीक शेख नावाचा किडकिडीत यंत्रमाग कामगार. त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला आणि मालेगावचे नाव परदेशापर्यंत पोहोचले.

यात व्यापारी अक्कल किती होती, ते पाहा. मारधाडपटाची सारी मिजास नायकाच्या दंडावर उभी असते. तोच नायक आपल्या शेजारच्या खात्यातला, बारा तास माग चालवून थकलेला निघाला की हसू आपोआप येते. मूळ कथा सर्वांना पाठ, त्यामुळे जाहिरातीचा खर्च वाचला. शिवाय ‘मालेगाव का’, ‘मालेगाव के’ हे शब्द कापडाच्या ठाणावरील शिक्क्यासारखे झाले. शिक्का पाहिला की गिऱ्हाईक समजे, माल कुठला आणि कशा प्रकारचा.

असा शिक्का तयार करून त्याखाली एकामागून एक चित्रपट आणि इतर माल विकणे, यालाच सिनेमाच्या धंद्यात फ्रँचायझी म्हणतात. अमेरिकेत हे गणित जॉर्ज लुकास यांनी नीट ओळखले. ‘स्टार वॉर्स’च्या वेळी त्यांनी मेहनताना वाढवून घेण्याऐवजी पुढील भागांचे आणि खेळणी, कपडे इत्यादी मालाचे हक्क मागून घेतले. १९७७ मध्ये चित्रपट आला आणि इतका चालला की नाताळापर्यंत खेळणी तयार होईनात. केनर कंपनीने मग रिकामी पाकिटे विकली. आत बाहुल्यांऐवजी चिठ्ठी होती, बाहुल्या नंतर मिळतील अशी. लोकांनी तीही घेतली. २०१२ मध्ये लुकास यांनी आपली कंपनी डिस्नेला ४०० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली.

मेल ब्रूक्स यांनी १९८७ मध्ये याच चित्रपटाची थट्टा करणारा ‘स्पेसबॉल्स’ काढला. लुकास यांनी हरकत घेतली नाही. अट एकच घातली, असे ब्रूक्स यांनीच सांगितले आहे: या चित्रपटाच्या बाहुल्या विकायच्या नाहीत. म्हणजे हसा हवे तितके, पण माझ्या गल्ल्याला हात लावू नका. ब्रूक्सही काही कमी नव्हते. त्यांनी पडद्यावरच एक म्हातारा दाखवला, जो चित्रपटाच्या नावाचे टी-शर्ट आणि डबे विकत बसला आहे.

मालेगावात असा करार कोणी केलेला दिसत नाही. एकाचा चित्रपट चालला तसे गावात इतरांनीही कॅमेरे घेतले आणि तोच शिक्का वापरला. सीडी आल्यावर नक्कल करणे पोराटोरांचे काम झाले. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? मूळ ‘शोले’च्या मालकांची परवानगी आपण तरी कुठे घेतली होती? हा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळता येणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टीका व समीक्षेसाठी सवलत आहे, परंतु विडंबनाचे वेगळे नाव त्यात नाही. ‘शोले’ची नवी आवृत्ती म्हणून राम गोपाल वर्मा यांनी २००७ मध्ये चित्रपट काढला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १० लाख रुपये भरावयास लावले. तो चित्रपट विडंबन नव्हता हे खरे, पण नाव आणि पात्रे ही मालमत्ता आहे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणून माझे मत असे की, दुसऱ्याच्या नावाची थट्टा करून पहिली दोन दुकाने चालतात. तिसऱ्यासाठी पात्र आपलेच हवे. मालेगावकडे ते होते. किडकिडीत विणकर वीर हा सुपरमॅनवाचूनही उभा राहिला असता. त्याचे नाव, चित्र व पोशाख नोंदवता आले असते. नुसत्या गावाच्या नावाची नोंदणी सहसा कोणा एकाला मिळत नाही, परंतु १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात संघटनेसाठी सामूहिक चिन्हाची सोय आहे. नट, लेखक, कॅमेरावाला यांनी मिळून एक संस्था केली असती आणि कोणाचा हिस्सा किती हे कागदावर उतरवले असते, तर बोलणी करायला एक दार राहिले असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला, मुंबईच्या निर्मात्यांचा आणि ॲमेझॉनच्या कंपनीचा. आता भिवंडी, इचलकरंजीतही मोबाईलवर विनोदी चित्रफिती काढणारी मुले आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी हा मजकूर वाचत असेल, तर आज रात्री जेवताना मुलाला विचारावे: तुझ्या त्या पात्राचे नाव कोणाच्या नावावर आहे?