सिग्नलवरची थरथर
आमची १७ वर्षांची ऑटोमॅटिक गाडी या आठवड्यात नळस्टॉपच्या सिग्नलला तीनदा बंद पडली; मागच्या रिक्षावाल्याने माझ्या कुळाचा उद्धार केला तो वेगळाच. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून थांबलं की आरपीएमची सुई ७००वरून ४००वर घसरायची, स्टीअरिंग थरथरायचं. ‘गिअरबॉक्स गेला,’ असं सोसायटीतल्या तिघांनी छातीठोक सांगितलं. (गाडी आणि गुडघे, दोन्हींवर पुण्यात प्रत्येक जण तज्ज्ञ!) मेकॅनिककाकांनी मात्र चालू इंजिनात व्हॅक्यूमच्या नळ्यांवर बेतानं क्लीनर फवारला, एका चिरलेल्या नळीपाशी आवाज एकदम बदलला. तिथूनच फुकटची हवा आत शिरत होती. थ्रॉटल बॉडीही काजळीने तव्यासारखी काळी. हवेची वाट न तपासता थेट गिअरबॉक्स खोलायला निघणारा मेकॅनिक सरळ बदलावा. नळी १५० रुपयांची निघाली.