रेघ ओढण्याआधी



नृसिंह जयंतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या पोखर्णीला त्या दिवसांत पाहुण्यांची कोण वर्दळ! सडा घालून झाला होता, रांगोळीचा डबा हातात होता आणि मी अंगणात पाटावर नुसती बसून होते. आत्याबाईंनी दारातून विचारलं, "काय करायलीस गं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि घाईघाईनं ठिपके टाकायला घेतले. अकरा ते सहाची रांगोळी, तिसऱ्याच ओळीत एक ठिपका सुटला! पुढं सगळं पुसून पुन्हा मांडणं आलं.

ते "काही नाही" मला दिवसभर टोचत राहिलं. कारण मी काहीतरी करत होते. रांगोळी डोळ्यांपुढं उभी राहायची वाट पाहत होते. पण घरात त्याला काम कोण म्हणणार? आपणच म्हणत नाही, तर इतरांना काय दोष द्यायचा!

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी मात्र या बसण्यालाच आपल्या कामाचा मोठा भाग मानलं. घराणं गोव्याचं, जन्म १९२४ चा, नागपूरचा. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १९४८ साली डिप्लोमा घेतला. झेन पंथाच्या ध्यानविचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. वर्षाकाठी त्यांची चित्रं व्हायची अवघी पाच-सहा. बाकीचा वेळ बसणं, संगीत ऐकणं आणि कोऱ्या कॅनव्हाससमोर थांबणं. काम सुरू झालं की मग रोलरनं रंग चढवायचा, सुरीनं खरवडायचा, कागदाचे फाटके तुकडे लावून ठसे उमटवायचे, पुन्हा वर रंगाचा थर. त्यांच्या चित्रात चेहरा नाही, झाड नाही, घर नाही. मी पहिल्यांदा छापील चित्र पाहिलं तेव्हा खरं सांगते, पावसाळ्यातली ओल धरलेली भिंतच वाटली! मग थोडा वेळ पाहत राहिले, तर खालच्या थरातून उजेड वर येतोय असं दिसायला लागलं. घाईनं पाहणाऱ्याला ते चित्र काहीच देत नाही. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००१ साली ते गेले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेलं आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं. हयातीत ते "नुसते बसतात" म्हणून किती जणांनी नाकं मुरडली असतील, कोण जाणे.

ध्यानाची ही बाजू झाली. शरीराची बाजू पाहायची तर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकारही होते. त्यांनी रामायणाची चित्रं काढली आणि १९३८ मध्ये औंधला चित्रसंग्रहालय उभं केलं. नमस्कार आणि कुंचला एकाच माणसाच्या दिनक्रमात नांदत होते. याचं मला नवल वाटत नाही. लांब रेघ बोटांनी ओढली की थरथरते. ती खांद्यातून यावी लागते. खांदा आखडलेला, पाठ वाकलेली, श्वास कोंडलेला असेल तर हात कितीही शिकलेला असो, रेघ अडखळतेच.

आता तुम्ही म्हणाल, एक राजा आणि दुसरा लग्नच न केलेला माणूस. त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नव्हत्या! अगदी बरोबर. मलाही हे वाचताना रागच आला होता. गायतोंड्यांसारखं महिनोन्‌महिने थांबणं आपल्याला जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून कुढायचंही कारण नाही. पण त्यातली दहा मिनिटं उचलता येतात.

मी काय करते ते सांगते. दुपारची झाकपाक झाली की भिंतीला पाठ न टेकता बसते. पद्मासन जमत नसेल तर साधी मांडी घाला. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले ठेवा. खांदे कानांपासून खाली सोडा. श्वास सहज घ्या, सोडताना मात्र थोडा लांबवा. श्वास कोंडून धरू नका. सात-आठ मिनिटं एवढंच. भाजीचे, दुधाचे विचार येतात, येऊ द्यात. मग हातात पेन्सिल घ्यायची आणि श्वास सोडता सोडता एक लांब रेघ ओढायची. रेघ संपली की पुन्हा श्वास, पुन्हा रेघ. रांगोळीलाही हेच, चिमटीतून पीठ कसं एकसारखं पडतं ते पाहाच.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. पांढऱ्या कागदावर कुंकवाचा टिकलीएवढा ठिपका काढा. अर्धा मिनिट पापणी फारशी न हलवता त्याच्याकडे पाहा, मग नजर कोऱ्या भागावर न्या. तिथं हिरवट ठिपका दिसेल. लाल आणि हिरव्याचं नातं रंगाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते असं. शाळेत मुलींकडून करवून घेतलं, तर वर्गात जो काही आरडाओरडा झाला म्हणता! सय्यद हैदर रझा यांनी सांगितलेली आठवणही अशीच आहे. लहानपणी अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला लावलं. हेच रझा पुढं नागपूरला आणि जे. जे. मध्ये शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि अनेक वर्षांनी 'बिंदू' हाच त्यांच्या चित्रांचा विषय झाला. समईच्या ज्योतीकडे पाहत त्राटक करणाऱ्या बायकाही आहेत, पण काचबिंदू, फिट्स किंवा अर्धशिशी असेल तर ते विचारल्याशिवाय करू नका.

मुख्य अडचण राहते ती घरच्यांची. मी एवढंच केलं, की दाराशी पाट ठेवला की आई बसली आहे, हे मुलांना सांगून टाकलं. पहिले चार दिवस हाका आल्याच. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "काय करायलीस?" मी म्हटलं, "चित्र काढायलेय." कागद कोराच होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण बाहेर खेळणाऱ्या पोरांना मात्र गप्प केलं.

तुमच्यापैकी कितीजणींनी लग्नाआधी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल! पेटी माळ्यावर असेल तर काढा. ट्यूबमधला जलरंग दगडासारखा वाळला असला तरी फेकू नका. ट्यूब कात्रीनं उभी चिरा, आतला गोळा जुन्या वाटीत काढा, बुडेल इतपत पाणी घालून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी कुंचला फिरवला की रंग सुटतो.